हाताला पुरावा मागणारा समाज

२४ मार्च १७७६ रोजी लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधील आपल्या राहत्या घरी जॉन हॅरिसन हा वृद्ध कारागीर मरण पावला. २०२६ हे त्या घटनेचे अडीचशेवे वर्ष होय. राजेरजवाडे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्या शताब्द्या साजऱ्या करण्याची सवय लागलेल्या जगात एका सुताराच्या पुण्यतिथीची आठवण कोणाला राहावी, असे कोणी म्हणेल. परंतु श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा जे बोलतात, त्यांना या माणसाचे त्र्याऐंशी वर्षांचे आयुष्य विसरून चालणार नाही. हॅरिसनने समुद्रावर अचूक वेळ दाखविणारे घड्याळ बनविले, एवढे शाळेतील पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. ते घड्याळ बनविण्यासाठी एका कुटुंबाच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या, आणि ते बनल्यानंतर त्याचा मोबदला पदरात पडण्यासाठी आणखी बारा वर्षे झगडावे लागले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. खरा बोध त्या बारा वर्षांत आहे.

प्रश्न काय होता, हे प्रथम पाहिले पाहिजे. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते; म्हणजे एका तासाला पंधरा अंश आणि चार मिनिटांना एक अंश. निघालेल्या बंदरात या क्षणी किती वाजले आहेत हे खलाशाला कळले, आणि आकाशातील सूर्यावरून जहाजावरची स्थानिक वेळ त्याने काढली, तर दोन्ही वेळांच्या फरकावरून आपण किती पूर्वेला वा पश्चिमेला आलो, म्हणजे आपला रेखांश कोणता, हे त्याला सांगता येते. हिशेब सोपा आहे. अवघड होते ते निघालेल्या बंदराची वेळ महिनोन् महिने बिनचूक जपणारे घड्याळ मिळणे. जहाज हेलकावते, उष्ण कटिबंधात धातू प्रसरण पावतो, थंडीत आकुंचन पावतो, तेल घट्ट होते आणि खारी हवा लोखंड खाते. घड्याळ एका मिनिटाने चुकले तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांनी चुकते. खडक चुकविण्यासाठी वा बेट गाठण्यासाठी एवढे अंतर जीवनमरणाचे असते.

१७०७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि सुमारे चौदाशे ते दोन हजार माणसे बुडाली. त्यात अ‍ॅडमिरल शोव्हेल होता, म्हणून इतिहासाने दखल घेतली. त्याच्याबरोबर बुडालेल्या सामान्य खलाश्यांची नावे कोण विचारतो? पुढे व्यापारी आणि दर्यावर्दी यांच्या मागणीवरून १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणारी व्यवहार्य पद्धत जो शोधील त्याला वीस हजार पौंड देण्याचे या कायद्याने ठरले आणि निवाड्यासाठी एक रेखांश मंडळ नेमले. या मंडळात आरमाराचे अधिकारी, पार्लमेंटचे सभासद आणि विद्यापीठांतील गणित व ज्योतिष यांचे प्राध्यापक होते. कारागीर त्यात एकही नव्हता. घड्याळाने हे काम होईल का, या प्रश्नावर खुद्द न्यूटनने असे मत दिले होते की, जहाजाचे हेलकावे आणि उष्णता, थंडी, दमटपणा यांतील फेरफार सोसणारे घड्याळ अजून कोणी बनविलेले नाही. ते खरेच होते. बनविणारा त्या वेळी एका खेड्यात रंधा मारीत होता.

हॅरिसनचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधील फाउल्बी या गावी झाला. बाप सुतार. पुढे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या गावी राहावयास गेले. मुलगाही सुतारच झाला. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. गावात आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्याला केंब्रिजच्या सॉन्डरसन या गणितज्ञाच्या व्याख्यानांचे हस्तलिखित वाचावयास दिले, तेव्हा त्याने ते आकृत्यांसह स्वतःच्या हाताने उतरवून काढले. हे त्याचे उच्च शिक्षण. याच सुताराने विशीच्या आत आपले पहिले घड्याळ बनविले, आणि तेही बहुतांशी लाकडाचे. चाके ओकच्या लाकडाची, आणि दात मोडू नयेत म्हणून लाकडाचे रेषे दातांच्या दिशेने येतील अशा बेताने ती जोडलेली. ब्रॉकल्सबी येथील जमीनदाराच्या तबेल्यावर त्याने १७२२ च्या सुमारास बसविलेले घड्याळ अजून चालू आहे. त्याला तेल लागत नाही. त्या काळचे तेल घट्ट होऊन घड्याळे बंद पडत, म्हणून फिरणाऱ्या भागांना त्याने लिग्नम व्हायटी नावाचे, स्वभावतःच तेलकट असलेले कठीण लाकूड वापरले. तेलात सुधारणा करीत न बसता तेलाची गरजच काढून टाकणे, ही सूझ पुस्तकातून आलेली नव्हती. लाकूड हाताळणाऱ्या बोटांतून ती आली होती.

धाकटा भाऊ जेम्स त्याच्या जोडीला होता. दोघा भावांनी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या आलटून पालटून बसवून असा लंबक बनविला की एका धातूचे प्रसरण दुसऱ्याच्या प्रसरणाने निष्प्रभ होई. ही घड्याळे तपासावयाची कशाने? वेधशाळा नव्हती. खिडकीची चौकट आणि शेजाऱ्याचे धुराडे या दोन खुणा धरून, ठरावीक तारा धुराड्याआड कोणत्या क्षणी दिसेनासा होतो हे ते रात्रीमागून रात्री पाहत. तारा रोज तीन मिनिटे छप्पन्न सेकंद आधी मावळतो. त्याच्याशी घड्याळ ताडून पाहावयाचे. महिन्याला सेकंदाहून अधिक फरक पडू नये, इतकी अचूकता त्यांनी या रीतीने गाठली.

१७३० च्या सुमारास हॅरिसन समुद्री घड्याळाची कल्पना घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी हॅली याने त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळकाराकडे पाठविले. ग्रॅहमने त्याचे बोलणे ऐकून घेतले आणि तारण वा व्याज न घेता त्याला पैसे उसने दिले. एका कारागिराला दुसऱ्या कारागिराच्या हाताची पारख करण्यासाठी समिती नेमावी लागली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या पैशांतून बॅरोला पाच वर्षे खपून त्याने पहिले समुद्री घड्याळ बनविले. त्याचे वजन सुमारे चौतीस किलो होते. १७३६ साली ‘सेंच्युरियन’ या जहाजावरून ते लिस्बनला नेण्यात आले. परतीच्या प्रवासात समोर दिसणारे भूशिर कोणते याबद्दल जहाजावरच्या नावाड्यांचा अंदाज सुमारे साठ मैलांनी चुकला होता आणि सुताराचे म्हणणे बरोबर निघाले.

मंडळापुढे हॅरिसन उभा राहिला तेव्हा त्याने कायद्यात सांगितलेल्या वेस्ट इंडीजच्या परीक्षेची मागणी करावयास हवी होती. त्याने तसे केले नाही. स्वतःच्याच घड्याळातील दोष मंडळाला सांगून त्याने दुसरे, अधिक चांगले घड्याळ बनविण्यासाठी थोडी आगाऊ रक्कम मागितली. बाजारात असा माणूस मूर्ख ठरतो. परंतु आपल्या कामातील उणीव दुसऱ्या कोणाच्या आधी स्वतःला टोचणे, हे खऱ्या कारागिराचे लक्षण आहे.

या सचोटीची किंमत मात्र इतरांनीही मोजली. ज्या ‘सेंच्युरियन’वर हे घड्याळ प्रथम समुद्रावर गेले, तेच जहाज १७४१ साली अ‍ॅन्सनच्या हाताखाली केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरात शिरले. तेव्हा त्यावर हॅरिसनचे घड्याळ नव्हते. खलाशी स्कर्व्हीने मरत होते आणि ताजे पाणी व भाजीपाला मिळण्याची आशा हुआन फर्नांदेस या एका बेटावर होती. बेटाचा अक्षांश ठाऊक होता, पण आपण त्याच्या पूर्वेला आहोत की पश्चिमेला हे कोणालाच सांगता येईना. आधी एका दिशेला, मग उलट दिशेला असे जहाज भरकटले आणि त्या वाया गेलेल्या दिवसांत आणखी सत्तर-ऐंशी खलाशी दगावले.

पहिल्या घड्याळानंतर दुसरे झाले. ते समुद्रावर गेलेच नाही, कारण त्यातही हॅरिसनला दोष सापडला होता. मग तिसरे सुरू झाले आणि त्यात जवळजवळ एकोणीस वर्षे गेली. या काळात त्याने उष्णतेचा परिणाम आपोआप दुरुस्त करणारी दोन धातूंची जोडपट्टी आणि पिंजऱ्यात बसविलेल्या रोलरांचे बेअरिंग यांचा शोध लावला. आज गिरणीपासून मोटारीपर्यंत असंख्य यंत्रांत ही तत्त्वे वावरतात. एवढे करूनही ते घड्याळ हवे तसे चालेना.

ही एकोणीस वर्षे एकट्या हॅरिसनची नव्हती. त्याची पहिली पत्नी एलिझाबेथ १७२६ साली वारली. त्याच वर्षी त्याने दुसरा विवाह केला. या पत्नीचे नावही एलिझाबेथच. पहिल्या पत्नीचा मुलगा जॉन १७३८ साली ऐन तारुण्यात गेला. दुसऱ्या पत्नीला विल्यम आणि एलिझाबेथ ही दोन अपत्ये झाली. बॅरोचे बिऱ्हाड मोडून हे कुटुंब लंडनला आले आणि घर हीच कार्यशाळा झाली. मंडळाकडून पाचशे पौंडांचे हप्ते अधूनमधून मिळत. त्यांतून पितळ, पोलाद, हाताखालच्या कारागिरांची मजुरी आणि पोटापाण्याचा खर्च भागवावयाचा. सुमारे पन्नास वर्षे हा संसार जिने चालविला, तिच्याविषयी जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींपलीकडे इतिहास जवळजवळ काहीच सांगत नाही. एकोणीस वर्षे एका यंत्रावर डोके लावून बसण्याची मोकळीक पुरुषाला मिळते, तेव्हा चूल, आजारपणे, उधारी आणि मुले यांचा भार कोणीतरी उचललेला असतो. हॅरिसनची चार घड्याळे ग्रिनिचच्या संग्रहालयात मांडलेली आहेत; त्या भाराची वस्तू कोणत्याही संग्रहालयात मांडता येत नाही.

शेवटी यश आले ते वेगळ्याच वाटेने. १७५३ मध्ये हॅरिसनने स्वतःच्या वापरासाठी जॉन जेफ्रीज या कारागिराकडून आपल्या कल्पनेप्रमाणे एक खिशातले घड्याळ करवून घेतले. ते अपेक्षेपेक्षा चांगले चालते हे पाहून, तीस वर्षे ज्या मोठ्या यंत्रांवर घालविली ती वाट सोडण्याचे धैर्य त्याने साठी उलटल्यावर दाखविले. १७५९ मध्ये चौथे घड्याळ तयार झाले. त्याचा व्यास तेरा सेंटिमीटर आणि वजन दीड किलोहूनही कमी होते.

परीक्षेच्या प्रवासाला वृद्ध बापाऐवजी विल्यम गेला. १७६१ च्या नोव्हेंबरात ‘डेप्टफर्ड’ जहाज जमैकाकडे निघाले. मदेरा बेटांच्या वाटेवर कप्तानाचा आणि विल्यमचा हिशेब जुळेना. जहाज याच दिशेने चालू द्या, उद्या बेट दिसेल, असे विल्यमने घड्याळाच्या आधारे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बेट दिसले. जमैकाला पोचेपर्यंत एक्क्याऐंशी दिवसांत घड्याळ अवघे पाच सेकंद मागे पडले होते. कायद्याने दोन मिनिटांपर्यंतची चूक चालणार होती. परतीच्या प्रवासात वादळाने जहाजात पाणी शिरले, तेव्हा विल्यमने घड्याळ ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवले आणि ब्लँकेट भिजले की तेच अंगावर घेऊन, अंगाच्या उबेने वाळवीत तो झोपला. बापाच्या आयुष्यभराची मेहनत मुलाने अशी अंगाशी धरून आणली.

कायद्याप्रमाणे आता पुरस्कार मिळावयास हवा होता. मंडळाने सांगितले की, जमैकाचा रेखांशच पुरेसा निश्चित नाही, हा योगायोग असू शकेल, पुन्हा परीक्षा द्या. १७६४ साली विल्यम पुन्हा निघाला, या वेळी बार्बाडोसला. घड्याळाची चूक चाळीस सेकंदांहून कमी, म्हणजे कायद्याच्या अपेक्षेपेक्षा तिपटीने चांगली निघाली. आता योगायोग म्हणण्याची सोय उरली नाही, तेव्हा अटी बदलण्यात आल्या. १७६५ च्या नव्या कायद्याने असे ठरले की, घड्याळाचे रहस्य संपूर्ण उघड केल्यावर अर्धी रक्कम द्यावी आणि दुसऱ्या कारागिरांनाही असेच घड्याळ बनविता येते हे सिद्ध झाल्यावर उरलेली द्यावी. बाहत्तर वर्षांच्या हॅरिसनने त्या ऑगस्टमध्ये आपल्या घरी सहा दिवस मंडळाच्या माणसांसमोर घड्याळ सुटे करून एकेक भाग समजावून दिला. पुढे मंडळाने ते घड्याळ ताब्यात घेतले आणि अशीच आणखी दोन बनवून दाखवा, असे त्यालाच सांगितले.

येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हॅरिसनच्या कथेत राजज्योतिषी मॅस्कलिन याला खलपुरुष ठरविण्याची प्रथा आहे. ती पुरती न्याय्य नाही. चंद्राचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून रेखांश काढण्याची पद्धत हा त्याचा ध्यास होता आणि १७६७ पासून त्याने काढलेल्या नाविक पंचांगाने ती पद्धत सामान्य जहाजांच्या आवाक्यात आणली. हॅरिसनच्या घड्याळाची नक्कल करण्यास केंडल या निष्णात कारागिरालाही वर्षे लागली आणि तिचा खर्च पाचशे पौंडांच्या घरात गेला. एवढ्या किमतीचे यंत्र किती जहाजांना परवडणार? सार्वजनिक पैसा द्यावयाचा तर ज्ञान सार्वजनिक झाले पाहिजे, एका वृद्धाच्या हाताबरोबर ते मातीत जाता कामा नये, हा मंडळाचा आग्रह मुळात चुकीचा नव्हता. समाजवादी विचार मानणाऱ्याला तर तो नाकारताच येणार नाही.

मग अन्याय कशात होता? पहिली गोष्ट ही की, अट खेळ संपल्यानंतर घातली गेली. १७१४ च्या कायद्यात जे मागितले होते ते कारागिराने दिल्यावर नवे मागणे पुढे करण्यात आले. दुसरी गोष्ट, निवाडा करणारा स्वतः स्पर्धक होता. मॅस्कलिन बार्बाडोसला परीक्षक म्हणून गेला तो आपल्या चंद्रपद्धतीची परीक्षा घेतच; आणि १७६५ मध्ये राजज्योतिषी होताच तो मंडळाचा पदसिद्ध सभासद झाला. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्राध्यापकाचे गणित कागदावर मांडले की ते ज्ञान म्हणून मान्य होते; त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करण्यास त्याला सवड आणि पगार मिळतो. सुताराच्या हातचे यंत्र समुद्रावर दोनदा खरे ठरले तरी ते ज्ञान ठरत नाही. तो योगायोग, ते गुपित, ती एका माणसाची हातचलाखी ठरते. हॅरिसनने आपले रहस्य दडवून ठेवले असा आरोप झाला. परंतु ज्याच्यापाशी पद, वतन वा पेन्शन नाही, त्याचे रहस्य हीच त्याची शेतजमीन असते. ती समाजाच्या नावे करून द्या असे सांगावयाचे, तर आधी त्याच्या म्हातारपणाची आणि कुटुंबाची हमी समाजाने घेतली पाहिजे. ज्ञान सर्वांचे व्हावे हे खरे. पण ज्याच्या घरातून ते निघाले त्याला उपाशी ठेवून घेतलेल्या ज्ञानाला सार्वजनिक म्हणता येत नाही. ते हिरावून घेतलेले असते.

१७६६ च्या मे महिन्यात मॅस्कलिन हुकूम घेऊन हॅरिसनच्या दारी आला आणि तिन्ही मोठी घड्याळे उचलून घेऊन गेला. नेताना पहिले घड्याळ माणसांच्या हातून पडले. उरलेली खडबडीत रस्त्यावरून गाडीत घालून ग्रिनिचला नेली. चौथ्या घड्याळाची तेथे मॅस्कलिनच्याच देखरेखीखाली दहा महिने परीक्षा झाली आणि ते भरवशाचे नसल्याचा अहवाल देण्यात आला. हॅरिसनने तरीही हत्यारे खाली ठेवली नाहीत. नमुना समोर नसताना त्याने वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, १७७० मध्ये, पाचवे घड्याळ पूर्ण केले. १७७२ मध्ये विल्यमने थेट राजाकडे दाद मागितली. तिसऱ्या जॉर्जने आपल्या खासगी वेधशाळेत ते घड्याळ दहा आठवडे तपासले. त्याची चूक दिवसाला सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी निघाली. १७७३ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून आठ हजार सातशे पन्नास पौंड दिले. रेखांश मंडळाने आपला मूळ पुरस्कार हॅरिसनलाच नव्हे, कोणालाच कधी दिला नाही. पैसे मिळाले, ‘तुझे खरे होते’ हे शब्द मिळाले नाहीत. त्या वेळी तो ऐंशी वर्षांचा होता आणि पुढे तीनच वर्षे जगला. इकडे कॅप्टन कुक १७७२ ते १७७५ या काळात केंडलने केलेली नक्कल बरोबर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्याने त्या घड्याळाची मनापासून प्रशंसा केली.

या गौरवगाथेची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जमैका आणि बार्बाडोस ही बंदरे निव्वळ परीक्षेची ठिकाणे नव्हती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या रक्तावर चालणारे उसाचे मळे तेथे होते आणि रेखांश जाणण्याची इंग्लंडला जी घाई होती तिच्यामागे खलाश्यांच्या जिवापेक्षा साखरेचा आणि गुलामांचा व्यापार अधिक होता. पुढे ही घड्याळे स्वस्त झाली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही तीच घेऊन आपल्या किनाऱ्याला लागली. कारागिराच्या हातातून निघालेली वस्तू कोणाच्या कामी येणार, हे कारागीर ठरवीत नाही. ज्याच्या हाती सत्ता आणि भांडवल आहे तो ठरवितो. याबद्दल हॅरिसनला दोषी धरण्यात अर्थ नाही. परंतु नुसते कौशल्याचे गुणगान करून श्रमप्रतिष्ठेचा प्रश्न सुटत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हॅरिसन लिस्बनला गेला त्याच १७३६ साली, समुद्राच्या या टोकाला, सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी जहाजबांधणीकार मुंबईस आला. त्याच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या सागवानाची जहाजे बांधली. १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर तरंगते. याच घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परंतु त्या गोदीत करवत आणि तासणी चालविणाऱ्या शेकडो सुतारांपैकी किती नावे सांगता येतील? इंग्लंडात हाताला पुरावा मागणारा वर्गभेद होता. आपल्याकडे त्यावर जातीचा शिक्का होता. बलुत्यात अडकलेल्या सुतार, लोहार, चांभार यांच्या ज्ञानाला येथे विद्या हे नाव मिळालेच नाही. त्याला ‘जातीचा धंदा’ म्हटले गेले आणि धान्याच्या मापात त्याची किंमत करण्यात आली.

ही गोष्ट भूतकाळात जमा झाली असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात तिच्याच घाटाचे जोड मूळ कारागिरांचा उल्लेखही न करता मिरविण्यात आले आणि महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर त्या कंपनीने मूळ मान्य केले. मानांकनाचा कागद हाती असूनही कारागिराला आपले आपले म्हणून सिद्ध करावे लागले. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत सवलतीचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. मदतीचे स्वागतच केले पाहिजे. पण योजनेच्या नियमांप्रमाणे पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांच्या कुटुंबात एकाच व्यक्तीची नोंद होऊ शकते. कुंभाराच्या घरी माती मळणारी, चांभाराच्या घरी वादी विणणारी, विणकराच्या घरी कांड्या भरणारी बाई कारागीर आहे की नाही? नोंदवहीत एकच जागा असेल तर बहुतेक घरांतून तेथे कोणाचे नाव जाईल, हे सांगावयास नको. हॅरिसनच्या पत्नीविषयी इतिहास गप्प का राहिला, याचे उत्तर अशा नोंदवह्यांतच सापडते.

या योजनेत व्यवसाय कुटुंबपरंपरागत असण्यावर भर आहे म्हणून तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये तिला नकार दिला आणि जातीचा वा घराण्याचा संबंध नसलेली स्वतःची योजना आखली. त्या आक्षेपात तथ्य आहे. विल्यम हॅरिसनने बापाच्या कामाला आयुष्य दिले ते प्रेमाने; आणि त्याच विल्यमला रॉयल सोसायटीने १७६५ मध्ये आपला फेलो करून घेतले, म्हणजे त्याच्यासाठी दुसरे दारही उघडे होते. दुसरे दार बंद असताना मुलाने बापाचे हत्यार उचलणे याला परंपरा म्हणावयाचे की सक्ती? कारागिराच्या मुलीला गणित शिकता आले पाहिजे आणि प्राध्यापकाच्या मुलाला रंधा धरण्यात कमीपणा वाटता कामा नये. कौटुंबिक कारागिरीचे कौतुक करणाऱ्यांनी ही कसोटी आधी स्वतःच्या घरी लावून पाहावी.

कारागिरांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हॅरिसनच्या आयुष्यातून तीन मागण्या उचलाव्यात. कारागिराच्या कामाची पारख करणाऱ्या प्रत्येक समितीवर कारागीर बसले पाहिजेत. घरात जेवढे हात राबतात तेवढ्यांची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे, त्यात बाईचे नाव पहिल्याने. आणि ज्याचे ज्ञान समाजाने घेतले, त्याच्या वार्धक्याची हमी ज्ञान घेण्याआधी दिली गेली पाहिजे, मागाहून मेहेरबानी म्हणून नव्हे. यांपैकी एकही मागणी अवास्तव नाही. मागे उल्लेखिलेल्या ग्रॅहमने तारण न मागता जे केले, तेच समाजाने नियम करून करावे, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

हॅरिसनची मोठी घड्याळे ग्रिनिचच्या कोठारात गंजत पडली होती. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड या आरमारी अधिकाऱ्याने ती शोधून काढली आणि वेतन न घेता १९३३ पर्यंत खपून पुन्हा चालू केली. आज ती टिकटिकतात आणि हजारो लोक कौतुकाने पाहतात. पाहणाऱ्यांनी एवढेच आठवावे की, ज्या हातांनी ती घडविली त्यांना जिवंतपणी खरे ठरण्यासाठी एका राजाची वेधशाळा लागली. ज्या कारागिराला राजापर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी संघटना असते. ती त्याच्या दारापर्यंत पोचली आहे का, हा हिशेब या अडीचशेव्या वर्षी प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या गावात मांडून पाहावा.